खिडकीबाहेरचे उपसरपंच

धानाच्या रोवणीचे दिवस होते. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात चहा पीत उभा असताना धाकट्या मामीचा फोन आला. "भाचेबुवा, उपसरपंच गेले," एवढंच ती बोलली आणि फोन बंद झाला. परत लावला तर लागेना. मामाच्या गावचा आजचा उपसरपंच म्हणजे तिशीतला पोरगा, पावसातही मोटारसायकल अशी हाणतो की बघणाऱ्याचा जीव वर यावा. मला वाटलं, झालं, पडला कुठंतरी. हिवाळाभर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांच्या, नाटकांत विनोदी पात्रं रंगवणारा मी माणूस, शोकाचा प्रवेश माझ्या वाट्याला कधी येत नाही. तरी आवाज खाली आणला, घसा साफ केला आणि त्याच्या घरी सांत्वनाचा फोन लावला. "घरात कोणी आहे का?" मी विचारलं. पलीकडून त्याचाच आवाज, "बोला दादा, मीच बोलून राहिलो." मी गार. "तू... हायस?" "हाओ ना. मी कुठं जाऊ?" मग तोच हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमचे मोठे मामाजी गेले सकाळी. तुम्हाले कोणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. तिच्या भाषेत सांगितलं होतं. मोठे मामा, दयाराम त्यांचं नाव, हे धाकट्या मामीचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या झाडीपट्टीत भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, बाजेवर किंवा खुर्चीवर बसत नाही, त्यांचं नाव तोंडात घेत नाही. आणि भासराही तिच्याशी थेट बोलत नाही. मामांचं उपसरपंचपद जाऊन पाव शतक लोटलं, तरी मामीच्या लेखी ते उपसरपंचच राहिले. कारण आयुष्यात ती त्यांच्याशी जे काही समोरासमोर बोलली, ते या एका पदामुळं. ही गंमत कशी घडली, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघू...

मामाचं गाव नवेगाव बांधाहून केशोरीकडे जाताना लागतं. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला असं मोठे मामा सांगत, आणि असं सांगत की जणू काल संध्याकाळी स्वतः माती टाकून, हात धुऊन आलेत. उंच, किडकिडीत, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा की तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, या टोकावरून त्या टोकावरच्या बैलानं मान वर करावी. धान आणि राजकारण हे दोन विषय सोडून तिसऱ्या कशात त्यांना रस नव्हता. त्यातही घटनादुरुस्ती म्हटलं की ते पेटायचे. "राज्यघटना हाय का मोटारपंप? जेव्हा पाहावं तेव्हा दुरुस्ती!" असं म्हणायचे, आणि तरीही रेडिओवर दुरुस्तीची बातमी लागली की हातातलं काम टाकून ऐकायला बसायचे. जमीनवाला माणूस असल्यानं चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीवर त्यांचा विशेष राग. तिनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून साधा कायदेशीर हक्क केला. मामा हे असं सांगायचे, की जणू दिल्लीहून माणूस येऊन त्यांच्या बांधावरचा दगड सरकवून गेला.

एकसष्टाव्या दुरुस्तीनं मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, तेव्हा मी नुकता अठराचा झालेलो. मतदान करून, बोटाची शाई मिरवत मामाकडे गेलो. मामांनी बोट धरून उजेडात उलटसुलट पाहिलं. "मले एकवीस वर्षं वाट पाहा लावली," ते म्हणाले, "आन हा पोट्टा! काल बैलाले पाणी दाखवायचं इसरला, आज सरकार बनवून राहिला." पण रात्रीच्या जेवणाआधी मला हळूच बाजूला घेऊन विचारलंच, "कोणाले देल्लं गा?" मी सांगितलं नाही. गुप्त मतदान आहे म्हणालो. त्यांना राग यायला हवा होता. ते खूश झाले. हा माणूस दुरुस्तीवर चिडायचा, पण दुरुस्तीतून जे नवं निघायचं त्याकडे चोरून बघत राहायचा... कोंबडीच्या खुराड्यात कोणतं पिल्लू निघालं म्हणून वाकून बघावं तसं.

आता धाकटी मामी. कौशल्या तिचं नाव. दहावी पास होऊन आलेली, आणि बोलण्यात मामांच्या तोडीची. त्यामुळं त्या घरात मोठीच अडचण होती. दोन बोलघेवडी माणसं एका अंगणात, आणि एकमेकांशी बोलायची मनाई! मार्ग दोघांनीही शोधलेला. मामा गोठ्यातल्या गोऱ्या गाईशी बोलायचे. "काय वो गोरे, आज चहा होईल का दिवाळीलेच?" मामी आतून चुलीवरच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, सांगायची, "दूध काढलं नाई तर चहा कशाचा होईल बापा?" मामा गाईला म्हणायचे, "आयकलं का? तुह्यावरच आलं." गाय बिचारी या दोघांच्या मधली टपाल कचेरी. मी सुट्टीत गेलो की ही चाकरी माझ्याकडे यायची. "भाच्या, सांग त्यांना" आणि "भाचेबुवा, सांगा त्यांना" यांच्यात मी दिवसभर फिरायचो, ती दोघं हाताच्या अंतरावर असली तरीही. नाटकातले संवाद पाठ करायची सवय मला तिथंच लागली असावी.

अशा घरावर त्र्याहत्तरावी दुरुस्ती येऊन पडली. त्या दुरुस्तीनं गावच्या पंचायतीला घटनेत जागा दिली, निवडणुका ठरल्या वेळी घेणं बंधनकारक केलं, ग्रामसभेला मान दिला, आणि किमान एक तृतीयांश जागा व पदं बायकांसाठी राखली. आपल्या राज्यानं हा वाटा पुढे निम्म्यावर नेला. आज वाचताना हे सगळं फार सरळ वाटतं. पण मोठे मामा तेव्हा अनेक वर्षं पंचायतीचे सदस्य होते, पुढचे सरपंच तेच, हे गावानं धरूनच ठेवलेलं, आणि त्यांनी स्वतः तर त्याच्याही आधीपासून. तहसीलमध्ये सोडत निघाली आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, गाईशीसुद्धा नाही. मोठी मामी त्याआधीच वारलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या मामांना बोलावून सांगितलं, "तुह्या घरच्यांना उभं कर. सही त्यांची, काम माह्यं." आसपासच्या गावांत हेच चाललेलं. नवरा किंवा दीर खुर्चीत, बाई कागदावर. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. धाकटे मामा शांत स्वभावाचे, ते 'बरं' म्हणाले. मामी निवडून आली, सरपंच झाली. मामा उपसरपंच झाले.

पहिल्या सभेला मी मुद्दाम गेलो होतो. नाटकवाल्याला असा प्रवेश चुकवून चालत नाही. पंचायतीचं कार्यालय म्हणजे एक खोली, पुढे व्हरांडा, मध्ये गज लावलेली खिडकी. मामी नवं लुगडं नेसून आलेली, पदर डोक्यावर. ग्रामसेवक वर्ध्याकडचे, त्यांनी अदबीनं अध्यक्षांची खुर्ची दाखवली. मामी टेकते न टेकते तोच दारातून मोठे मामा आत आले, आणि मामी जिथल्या तिथे उठून भिंतीला चिकटली. मामांनाही आपण काय केलं ते उमगलं. ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. सोडत त्यांना माहीत होती, आरक्षण माहीत होतं, पण आपण ज्या खोलीत आहोत तिथं ही बाई बसणार कशी, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. घटनेत भासऱ्याचा उल्लेख कुठं नाही, मी पुढे शोधून पाहिलं. मामांनी एक खुर्ची उचलली आणि ते थेट व्हरांड्यात गेले. खिडकीला पाठ लावून बसले आणि बाहेरून ओरडले, "होऊ द्या सुरू!" मामी बसली.

तिथून ते खिडकीतले दिवस सुरू झाले. दर महिन्याच्या सभेला मामा व्हरांड्यात, बाकीचे आत. विषय निघाला की मामा रस्त्याकडे बघत बोलायचे आणि त्यांचं म्हणणं गजांतून आत यायचं. "हातपंप टोलीत पाहिजे, चौकात नाई!" टोली म्हणजे गावाबाहेरची वस्ती. मामी ग्रामसेवकाला म्हणायची, "खिडकीले सांगा, टोलीतच मंजूर केला हाय." मतदानाला मामा खिडकीतून हात आत घालायचे, नुसता हात, कोपरापर्यंत. रस्त्यानं जाणारी बाई थांबून विचारायची, "काऊन जी, शिक्षा केली का तुम्हाले?" मामा सांगायचे, "नाई वो. राज्यघटना चालवून राहिलो." ग्रामसेवकांची मात्र झोप उडालेली. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्हीच सांगा, हे उपसरपंच हजर धरायचे की गैरहजर? खिडकीतून आलेला हात म्हणजे सदस्य होतो का?" मी म्हणालो, हात त्यांचाच आहे याची खात्री करून घ्या. ते हसले नाहीत.

पण या काळात एक गोष्ट घडत होती, जिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मामीला सभा आवडू लागली होती. कोण कधी बोलणार, कोणाला थांबवायचं, विषय कुठं संपवायचा, हे तिला उपजत कळायचं. मामांनी "काम माह्यं" म्हटलं होतं, पण व्हरांड्यात बसून काम होत नाही, तिथं फक्त ओरडता येतं. म्हणजे मामांनी स्वतःच आपली खुर्ची बाहेर नेली आणि आत खरीखुरी सरपंच तयार झाली. टोलीतल्या हातपंपाला पाणी लागलं तेव्हा तिथल्या बायकांनी मामीला कुंकू लावलं. ती घरी येऊन सूप घेऊन बसली, आणि तांदूळ पाखडता पाखडता मला म्हणाली, "भाचेबुवा, हे चांगलं काम हाय. मले आधी कोणी सांगितलं नव्हतं."

मग मनोहर नावाच्या सदस्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. नियम असा होता की सदस्य सलग काही महिने सभेला गैरहजर राहिला तर त्याचं सदस्यत्व जातं. व्हरांडा म्हणजे सभागृह नाही, असा मनोहरचा मुद्दा. तेव्हा उपसरपंचांनी आत यावं, नाहीतर पद सोडावं. आणि ते आत आल्यावर सरपंचबाई बसणार नसतील, तर बाईंनी घरी सही करावी आणि सभा उपसरपंचांनी चालवावी. गावात बहुतेकांना हे पटलं. कोणाचा अपमान नाही, रीतही राहते, खुर्चीही घरातच राहते. धाकट्या मामांनाही पटलं. "कायले डोक्याले ताप?" ते मामीला म्हणाले. 

सभेच्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारा. त्यांना खुर्ची पाहिजे असल तर मी आजच घरी बसीन. पण त्यांनी सांगावं. मनोहरनं नाही." "मग तूच बस ना त्यांच्यासमोर," मी म्हणालो. "आता जग बदललं." तिनं सूप खाली ठेवलं. "मी बसली तर लोक मले नाई बोलत, भाचेबुवा. माह्या मायले बोलतात. पोरीले काय शिकवलं म्हणून." मी गोठ्यात गेलो. मामा गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी निरोप सांगितला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मले काऊन विचारते?" आणि गाईपुढे वैरण टाकायला वळले. त्यांना खुर्ची हवी होती का? मी इतक्या वर्षांनी विचार करतो तेव्हा वाटतं, हवी होती. आयुष्यभर हवी होती. म्हणूनच तर ते गप्प राहिले...

व्हरांड्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मी खिडकीचा गज धरून उभा. आत मामी अध्यक्षांच्या खुर्चीत, मनोहर समोर हाताची घडी घालून. मामा आले. व्हरांड्यातली त्यांची नेहमीची खुर्ची होती तिथंच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. चपला काढल्या आणि आत गेले. मामी उठली. उठली म्हणजे काय, तिचं शरीरच उठलं, विचारायला थांबलं नाही. भिंतीला टेकली, पदर कपाळापर्यंत ओढला. खुर्ची रिकामी. मनोहर गोड आवाजात म्हणाला, "बसा मामाजी. खुर्ची तशी तुमचीच हाय."

मी रंगमंचावर पुष्कळ विराम बघितले आहेत, घेतलेही आहेत. तसा विराम पुन्हा बघितला नाही. मामांनी खुर्चीकडे पाहिलं. हात पुढे केला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवायचे तसा. मग सदस्यांच्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि मामीकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईशी ते एक शब्द सरळ बोलले नव्हते, तिच्याकडे बघून, तो पाळीवरचा आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "सरपंचबाई, बसा." मामी हलली नाही. तिला कळेना, हे बोलणं आपल्याला आहे. तिनं मान वळवून मागे कोण आहे का ते पाहिलं, मागे भिंत होती. "तुम्हालेच म्हणून राहिलो," मामा म्हणाले. "तुम्ही बसल्याशिवाय आमाले बसता येत नाई. नियम हाय. पाय दुखून राहिले माह्ये."

मामी बसली. मग मामा बसले, मग सगळे. मनोहर सर्वांत शेवटी. ग्रामसेवकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मामीचा पहिला शब्द जरा कापरा आला, पण आला. "उपसरपंच, तुमच्या टोलीच्या रस्त्याचा विषय हाय. बोला."

आता खरी गंमत. त्या दिवशी घरी गेल्यावर मला वाटलं, रीत तुटली, आता अंगणातही बोलतील. छे! संध्याकाळी मामा गोठ्यातून गाईला म्हणाले, "काय वो गोरे, आज सभा बरी झाली म्हणतात." मामी गंजाला म्हणाली, "हाओ, उपसरपंचांचे पाय दुखत होते म्हणतात." दोघांनीही आपसात काही न ठरवता ठरवून टाकलेलं. घरात रीत राहील, सभेत घटना राहील. दोन घरं, दोन कायदे, आणि मधल्या रस्त्यावर कुठंतरी अदलाबदलीचा नाका. पंचायतीत ते समोरासमोर कडाक्याचं भांडायचे, आणि घरी येताना पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून, एकमेकांना अनोळखी असल्यासारखे चालायचे.

पाच वर्षं संपली. सोडत फिरली, पद दुसऱ्या प्रवर्गाकडे गेलं. मामी माजी झाली, मामाही पुन्हा उभे राहिले नाहीत. मी मामीला म्हटलं, आता आराम. ती म्हणाली, "आता बोलावं कुठं?" मी हसलो. ती हसत नव्हती. मग तिला काय सुचलं असेल? ग्रामसभा. त्याच दुरुस्तीनं ग्रामसभेला मान दिलेला, गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य, आणि हे पद सोडतीत जात नाही, मरेपर्यंत राहतं. पुढची सगळी वर्षं, सव्वीस जानेवारी असो की पंधरा ऑगस्ट, ही दोघं सर्वांत आधी येऊन बसायची. मामा पुरुषांत पुढे, मामी बायकांत पुढे. विषय काहीही असो. "माहा प्रश्न माजी सरपंचबाईंना," मामा उठायचे. "गावातल्या काही घरांत ज्येष्ठ नागरिकांच्या भाजीत मीठ कमी पडून राहिलं. यावर काय उपाय?" मामी गंभीरपणे उठायची. "ज्येष्ठ नागरिकांचा बीपी वाढला हाय. उपकेंद्राच्या सिस्टरनं सांगितलं हाय. विषय संपला." सभा हसून हसून लोळायची. गावाला वाटायचं, म्हातारा गंमत करतो. त्या घरातली वर्षभराची बोलणी तिथं होऊन जातात, हे फार थोड्यांना माहीत होतं. नातीची गावातली शाळा संपायची वेळ आली तेव्हाही मामांनी भर सभेत विचारलं, "सहा ते चौदा वयाच्या लेकराले शिक्षणाचा हक्क घटनेत आला, मंग चौदानंतर काय? पोरीले गोंदियाले ठेवणार का नाई?" मामीनं उत्तर दिलं, "ठेवणार." नात आज गोंदियात कॉलेजात आहे.

आणि एक वाद तर त्यांनी वर्षानुवर्षं मुरवला. तलावावर बायकांना कपडे धुवायला पक्का घाट बांधायचा होता. मामी म्हणायची पूर्वेला, तिकडं घरं जवळ. मामा म्हणायचे पश्चिमेला, उन्हाळ्यात पाणी तिकडंच टिकतं, पूर्वेला नुसता चिखल राहतो. "पश्चिमेले तुमचं शेत हाय, म्हणून सुचून राहिलं!" "शेत हाय म्हणूनच मले माहीत हाय, पाणी कुठं टिकते!" दर वेळी विषय तहकूब. सरपंच बदलत गेले, घाट काही झाला नाही. मध्यंतरी लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी एकशे सहावी दुरुस्ती झाली. ती अमलात यायची आहे, पण टीव्हीवर बातमी होती. मामा बराच वेळ पडद्यावरची ती भव्य इमारत न्याहाळत राहिले आणि मला म्हणाले, "दिल्लीले व्हरांडा हाय का गा? नाई, इतके भासरे बसतील कुठं, म्हणून विचारून राहिलो."

शेवटची भेट गोंदियाच्या दवाखान्यात. मामा खाटेवर, छातीवर हात. मामी दाराशी उभी, डोक्यावर पदर. मामा नर्सला म्हणाले, "सिस्टर, इनको बोलो बैठने को." नर्स बघतच राहिली. "आप ही बोल दो ना दादाजी, सामने तो खड़ी हैं."  मग मामी मला म्हणाली, "भाचेबुवा, ग्रामसभा सुरू झाली म्हणून सांगा." मी डोळे पुसत म्हणालो, "गणपूर्ती नाही." मामांनी डोळे उघडले. "तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाई," ते म्हणाले. "घाटाचा विषय तहकूबच हाय." मामीनं स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबलो. कान आतच होते, खोटं कशाला बोलू, पण पंखा मोठ्यानं फिरत होता. एकदा मामांचं हसू ऐकू आलं, एकदा मामीचं. काय बोलले, ते मला माहीत नाही. विचारलंही नाही.

मागच्या पंधरा ऑगस्टला मी ग्रामसभेला गेलो. दोन मिनिटं उभं राहून सगळ्यांनी मामांना श्रद्धांजली वाहिली. आताची सरपंच तरुण मुलगी आहे, बी.ए. झालेली. तिनं घाटाचा विषय घेतला. "पूर्वेला बांधण्याचा ठराव आहे. आता विरोध कोणाचा नाही, तर एकमतानं..." बोलता बोलता ती थांबली, कारण मामी उठली होती. "विरोध हाय," मामी म्हणाली. "काकू, पूर्वेची मागणी तर तुमचीच ना?" "माह्यं मत पूर्वेलेच हाय. पण दुसरी बाजू बोलल्याशिवाय एकमत कसं म्हणता तुम्ही?" आणि ती बोलायला लागली. चैतात पूर्वेला गुडघाभर चिखल राहतो, बायका कपडे धुतील की पाय? पश्चिमेला खोल आहे, ज्येष्ठापर्यंत पाणी आटत नाही. चार पावलं जास्त चालावं लागलं तर चालतील, पाणी तर मिळेल. एकेक मुद्दा मामांचा, त्यांच्याच क्रमानं, हात हलवायची ढबसुद्धा त्यांची. एवढी वर्षं भांडताना तिनं त्यांचं सगळं ऐकलेलं होतं, अक्षर न अक्षर. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "चिखलाचं तर खरंच हाय वो." दुसरी म्हणाली, "हाओ, मागच्या उन्हाळ्यात मीच पडली होती." मतदान झालं. पश्चिमेला हातच हात. पूर्वेला एकटा मामीचा.

घरी परतताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती. रागानं की कशानं, मागून कळत नव्हतं. मी म्हटलं, "मामी, जिंकले ना शेवटी ते." ती थांबली, वळली, पदर सावरला.

"असे कसे जिंकून जातात? उत्तर न देता?" ती म्हणाली. "मी पुढच्या सभेत फेरविचार मागीन."